लाखोळी, चेतापेशी आणि ‘कारण’ या शब्दाचा अर्थ



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मेंदूच्या आजारांवर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही नावापुढे ‘डॉक्टर’ लावतो, पण नाडी बघणारे डॉक्टर आम्ही नव्हे. तरीही या विषयात आम्हाला एक कोपरा मिळतो, आणि तो कोपरा महत्त्वाचा आहे असं आम्हाला वाटतं.

अल्झायमर, पार्किन्सन, मोटर न्यूरॉन डिसीज या आजारांबद्दल आजकाल बरंच वाचायला मिळतं. त्यात एक वाक्य हमखास असतं : या आजारांचं कारण ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ आहे. त्यापाठोपाठ दुसरं वाक्य येतं : म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या. पहिल्या वाक्यातला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हा भाग रसायनशास्त्राचा आहे, तो त्या लोकांकडून शिकून घ्यावा लागतो. पण ‘कारण’ हा शब्द? त्यावर आपल्याकडच्या नैयायिकांनी शेकडो वर्षं काथ्याकूट केलेला आहे. आणि ‘म्हणून’ हा शब्द तर सगळ्यांत धोक्याचा. आज आपण या दोन शब्दांकडे बघणार आहोत.

उदाहरणासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत, १९८२ पूर्वी तो एकच जिल्हा होता, एक पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. त्या पिकाच्या दाण्यात चेतापेशींना मारणारं एक द्रव्य आहे. ते पीक म्हणजे लाखोळी. कुणी लाखोरी म्हणतं, कुणी लाख म्हणतं, हिंदीत खेसारी किंवा तिवडा. ऑक्सिडीकरणाचा ताण चेतापेशीपर्यंत कसा पोचतो, हे जगात फार थोड्या ठिकाणी इतकं स्वच्छ दिसतं जितकं या डाळीत दिसतं.

आधी ताण म्हणजे काय

आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन शेवटी पेशीतल्या मायटोकाँड्रियापर्यंत जातो. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीची चूल. तिथे अन्न जळतं आणि ऊर्जा मिळते. आता चूल म्हटली की ठिणग्या आल्याच. ऑक्सिजनचे काही रेणू अर्धवट अवस्थेत सुटतात, जे समोर दिसेल त्याला झोंबतात. पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिनं, डीएनए, काहीही. यांना मुक्त कण म्हणतात.

ठिणग्या उडतात म्हणून कुणी चूल बंद करत नाही. जवळ पाणी ठेवतात. पेशीनेही ठेवलेलं आहे. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं, ते त्यातलंच. दुसरं मोठं नाव ग्लुटाथिऑन. हा एक छोटा रेणू आहे, आणि त्याच्या कामाचं मर्म आहे त्याच्यातल्या गंधकात. हे गंधक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठिणग्या आणि पाणी यांचा मेळ बिघडला, ठिणग्या जास्त आणि पाणी कमी झालं, की त्या अवस्थेला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. १९८५ साली हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञाने ही कल्पना नीट मांडली. म्हणजे ताण हे द्रव्य नाही, जंतू नाही. तो एक बिघडलेला तोल आहे. याचं भान सुटलं की पुढचे सगळे घोळ सुरू होतात.

मेंदूला हा ताण जास्त का झोंबतो? आपल्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जो ऑक्सिजन वापरतं त्यातला साधारण २० टक्के एकटा मेंदू घेतो. चूल मोठी, ठिणग्या जास्त. चेतापेशींच्या पडद्यात ज्या प्रकारची चरबी असते ती लवकर खवट होणारी. आणि बहुतेक चेतापेशी एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. कातडी खरचटली तर भरून येते, इथे ती सोय नाही.

लाखोळी काय करते

धानाच्या बांधीत पाणी आटत आलं, पण ओल अजून आहे, अशा वेळी उभ्या धानातच लाखोळीचं बी फेकून देतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेल्यावर ती आपली आपण वाढते. पाऊस रुसला तरी तग धरते, बांधीत पाणी साचलं तरी मरत नाही. दाण्यात प्रथिन भरपूर. कोवळ्या पाल्याची भाजी होते, दाण्याची डाळ होते, भरड्याच्या वड्या होतात, भुसा गुरांना चालतो. गरीब शेतकऱ्याने यापेक्षा जास्त काय मागावं?

पण हीच डाळ महिनोन्‌महिने जेवणाचा मुख्य भाग झाली तर काही माणसांचे पाय जातात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. तरुण, धडधाकट, कष्टाचं काम करणारा माणूस. बायकांपेक्षा पुरुष जास्त. एखाद्या दिवशी पोटऱ्या जड वाटतात, गोळे येतात, मग पाय ताठ होतात आणि चालताना एकमेकांत कात्रीसारखे अडकतात. बुद्धी शाबूत, वाचा शाबूत, हात बहुधा शाबूत. डॉक्टर रुग्णांची प्रतवारी काठीवरून करत : बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. डाळ थांबवली की आजार सहसा पुढे सरकत नाही. पण गेलेली चाल परतही येत नाही.

हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आयुर्वेदात ‘कलायखंज’ नावाचा विकार सांगितलेला आहे. नावातच ‘कलाय’ ही डाळ आहे आणि ‘खंज’ म्हणजे लंगडेपणा आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही त्रिपुट नावाच्या डाळीचा लंगडेपणाशी संबंध जोडलेला आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम स्लीमन यांनी सागर भागातली हकीकत नोंदवली. १८२९ पासून सलग तीन वर्षं गारपीट, अवर्षण आणि रोग यांनी गहू बुडाला, फक्त तिवडा टिकला, लोकांनी तोच खाल्ला. आणि १८३३ साली तरुण मुलांचे कमरेखालचे अवयव लुळे पडू लागले. दुसऱ्या महायुद्धात व्हापन्यार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना हाच दाणा खायला दिला गेला. शेकडो कैदी पांगळे झाले. त्या कैद्यांतच असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी आजार ओळखला.

यातलं विष १९६४ साली सापडलं, आणि ते आपल्या देशात सापडलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि सर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. काही शास्त्रज्ञ बोआ म्हणतात, दोन्ही एकच.

ओडॅप काय करतं? मेंदूत ग्लुटामेट नावाचा एक निरोप्या आहे. एका चेतापेशीकडून दुसरीकडे ‘चल, काम कर’ असा निरोप तो नेतो. ओडॅपचा चेहरा या ग्लुटामेटसारखा आहे. तो दार वाजवतो, पेशी दार उघडते, आणि हा काही जात नाही, वाजवतच राहतो. पेशीत कॅल्शियम लोटतं, चुलीवर भार येतो, ठिणग्या वाढतात.

पुढचा धागा पुन्हा बंगळूरचाच. निम्हान्स या संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं, ते १९९८ साली प्रसिद्ध झालं. मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीची पहिली कडी, तिला कॉम्प्लेक्स वन म्हणतात, ती ओडॅपमुळे बंद पडते असं त्यांना दिसलं. का बंद पडते? तिच्यातले गंधकाचे गट ऑक्सिडीकरणाने बिघडतात म्हणून. आणि कुठे? मेंदूच्या हालचालीच्या भागात आणि मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात. पाय जिथून चालवले जातात नेमक्या त्या जागा! गंधक असलेली, ग्लुटाथिऑनसारखी संरक्षक द्रव्यं आधी दिली तर ही कडी वाचते, हेही त्यांनी दाखवलं.

इथपर्यंत रसायनशास्त्र झालं. आता ‘कारण’ या शब्दाकडे वळू.

राख, गाढव आणि कुऱ्हाड

न्यायदर्शनात कारणाला तीन अटी आहेत. आम्ही त्या साध्या भाषेत सांगतो. एक, ते कार्याच्या आधी असलं पाहिजे. दोन, ते नेहमी असलं पाहिजे, कधीमधी नाही. तीन, ते ‘अन्यथासिद्ध’ नसलं पाहिजे, म्हणजे असलं काय नि नसलं काय, काम तसंही झालंच असतं, असं ते नसावं. तिसऱ्या अटीचं त्यांचं उदाहरण गमतीचं आहे. कुंभार मडकं घडवतो. मातीही हवी, चाकही हवं. पण ती माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतं. म्हणून गाढवाला मडक्याचं कारण म्हणायचं का? नैयायिक म्हणतात, नाही. माती बैलगाडीतून आली असती तरी मडकं झालंच असतं.

आता आपल्या मेंदूच्या आजारांना या अटी लावून बघा.

पहिली अट : आधी की नंतर? अल्झायमरने गेलेल्या माणसाच्या मेंदूत ऑक्सिडीकरणाच्या खुणा सापडतात, हे खरं. पण जळालेल्या घरात राख सापडतेच. राखेने घर जाळलं असं आपण म्हणत नाही. पेशी मरू लागली की तिची चूल बिघडते, मग ठिणग्या उडतात. तेव्हा खुणा मरणाच्या आधीच्या की नंतरच्या, हे नुसतं मेंदू बघून कळत नाही. लाखोळीचं महत्त्व इथे आहे. निम्हान्सच्या कामात क्रम दिसला : आधी गंधकाचे गट बिघडले, कॉम्प्लेक्स वन बंद पडला, आणि पेशींचा ऱ्हास त्यानंतर आला. म्हणजे इथे तरी ताण ही राख नाही.

तिसरी अट : गाढव तर नाही ना? इथे मोटर न्यूरॉन डिसीजची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९३ साली या आजाराच्या काही घराण्यांत एक सदोष जनुक सापडलं, आणि ते नेमकं त्या सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं निघालं. ठिणग्या विझवणाऱ्याचं! सगळ्यांना वाटलं, झालं, उत्तर मिळालं : विझवणारा नाही म्हणून आग लागली. मग उंदरांतून ते जनुक पूर्ण काढून टाकलं. उंदरांना तसा आजार झाला नाही. उलट सदोष मानवी जनुक घातलेल्या उंदरांना झाला, त्यांचं स्वतःचं एन्झाइम चांगलं चालू असताना. म्हणजे घात करत होता तो बिघडलेल्या प्रथिनाचा विषारीपणा, विझवणाऱ्याची गैरहजेरी नव्हे. २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टोफरसेन हे औषध त्या सदोष प्रथिनाची निर्मितीच कमी करतं. ज्याला सगळे कारण समजत होते ते तपासाअंती पुष्कळसं गाढव निघालं, आणि ते कळायला व्यतिरेकाची कसोटी लावावी लागली : काढून बघा, काय होतं ते.

मग लाखोळीत ताण हे काय आहे? राख नाही, गाढव नाही. नैयायिकांकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : व्यापार. बाजारातला व्यापार नव्हे. व्यापार म्हणजे मधली क्रिया. जी कारणातून जन्मते आणि पुढे कार्याला जन्म देते. त्यांचं उदाहरण आपल्या जंगलातल्या माणसाला लगेच समजेल असं आहे. कुऱ्हाडीने झाड तुटतं. कुऱ्हाड हे करण. पण कुऱ्हाड नुसती झाडाला टेकवून ठेवली तर झाड तुटत नाही. कुऱ्हाडीचा घाव लाकडावर बसावा लागतो. तो घाव म्हणजे व्यापार. ओडॅप ही कुऱ्हाड आणि ऑक्सिडीकरणाचा ताण हा घाव. घावाशिवाय झाड पडत नाही, हे खरं. पण घाव आपला आपण पडत नाही, हेही तितकंच खरं.

आणि एकच घाव वेगवेगळ्या कुऱ्हाडींनी घालता येतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुणांना एकाएकी पार्किन्सनसारखा आजार झाला. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट नशेच्या द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती. त्या द्रव्याचा परिणामही शेवटी त्याच कॉम्प्लेक्स वनवर होत होता. कडी तीच, कुऱ्हाड वेगळी, आणि पडलेलं झाडही वेगळं : तिथे हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या आतल्या पेशी मेल्या, इथे पायांकडे निरोप नेणाऱ्या लांब पेशी. तेव्हा ‘ताण’ एवढं म्हणून कुठलाही आजार समजत नाही. कोणत्या कुऱ्हाडीचा ताण, कोणत्या पेशीवर, हे विचारावं लागतं.

आता ते ‘म्हणून’. ताण हा व्यापार असेल तर तो अडवला की आजार अडेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. १९८७ साली अमेरिका आणि कॅनडात पार्किन्सनच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या ८०० रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली. त्यात रोज २००० युनिट ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. निष्कर्ष १९९३ साली आला : या जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही. अल्झायमरच्या रुग्णांत पुढे २०१४ साली एका चाचणीत रोजची कामं करण्याची क्षमता थोडी हळू ढासळली, पण स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. एकूण हिशोब असा आहे. घाव चालूच आहेत आणि आपण झाडाच्या सालीला लेप लावतोय, तर फळ किती मिळणार?

कारणसामग्री

याच्याही पुढची एक गोष्ट नैयायिक सांगतात, आणि आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. कोणतंही कार्य एका कारणाने होत नाही. सगळी सामग्री जमावी लागते. माती, पाणी, चाक, दांडा, कुंभार; यातलं एक कमी पडलं तरी मडकं नाही.

लॅथिरिझमची सामग्री मांडून बघा. पहिलं, ओडॅप. दुसरं, प्रमाण : अधूनमधून वाटीभर वरण खाल्ल्याने हा आजार होत नाही, ती डाळ रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा व्हावी लागते. तिसरं, काळ : दोन-तीन महिने किंवा अधिक. चौथं, दुष्काळ. दुष्काळ इथे दोन बाजूंनी मारतो. तो बाकीची पिकं मारून लाखोळी एकटी शिल्लक ठेवतो, आणि पाण्याच्या ताणात वाढलेल्या लाखोळीत ओडॅपही वाढतं.

आणि पाचवं, ते गंधक. ग्लुटाथिऑन तयार करायला सिस्टीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल लागतं. ते मेथिओनिनपासून बनतं किंवा थेट अन्नातून मिळतं. लाखोळीत बाकी प्रथिन भरपूर, पण ही दोन अमिनो आम्लं फार कमी. तांदूळ, ज्वारी, तीळ, दूध, अंडी, मासे यांतून ती मिळतात. आता या माणसाचं ताट डोळ्यांपुढे आणा. ताटात एकटी लाखोळी. म्हणजे ठिणग्या टाकणारं विषही त्यातूनच येतंय, आणि विझवायला लागणारं पाणी मात्र त्यात नाही. कुऱ्हाडही तीच, आणि ढाल नसणंही तेच. इथियोपियातल्या साथींचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की लाखोळीत धान्य मिसळून खाणाऱ्या घरांत धोका कमी होता. रसायनशास्त्राने जे प्रयोगशाळेत दाखवलं तेच ताटात दिसलं.

म्हणून आम्ही म्हणतो, इथे ऑक्सिडीकरणाचा ताण हे गरिबीचं रासायनिक रूप आहे. मध्य प्रदेशात रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. तिथल्या मजुराच्या चेतापेशीतला ग्लुटाथिऑन कमी का, याचं उत्तर पेशीत शोधून सापडणार नाही. ते मालकाच्या कोठारात आहे. पेशीतली घटना खरी आहे, तिचा अभ्यास हवाच. पण साखळीची ती शेवटून दुसरी कडी आहे, पहिली नव्हे.

बंदीने काय झालं

१९६१ साली केंद्राने अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांखाली या डाळीची विक्री बंद करायचं ठरवलं. हेतू चांगला होता. या बंदीत ‘कारण’ म्हणजे फक्त कुऱ्हाड धरलेली होती. पण पेरणी थांबली नाही, कारण पेरणाऱ्याकडे दुसरं पीक नव्हतं. पूर्व विदर्भात लाखोळी पेरली गेली, घरी खाल्ली गेली आणि बाजारात तुरीच्या डाळीत, बेसनात मिसळून खपली. शेतकऱ्याच्या हाती मात्र चोरट्या मालाचा भाव पडला. बंदी उठावी म्हणून नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. दुसऱ्या बाजूला अनेक डॉक्टर आणि पोषणतज्ज्ञ म्हणत राहिले की पाय गेलेला माणूस परत उभा राहत नाही, तेव्हा धोका पत्करू नका. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एक बाजू व्यापाराकडे आणि करणाकडे बघते, दुसरी सामग्रीकडे.

मधल्या काळात सामग्रीच बदलली. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी आली, मजुरी रोखीत मिळू लागली. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागला. ताटात लाखोळी एकटी राहिली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या लाखोळी खाणाऱ्या भागाची पाहणी केली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. डाळ अजून खाल्ली जाते, पण थोड्या प्रमाणात, आणि लॅथिरिझम जवळजवळ दिसत नाही, असं त्यांना आढळलं. दाणा घरात आहे, आजार नाही. नैयायिकाला यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

दरम्यान शेतीशास्त्रज्ञांनी कुऱ्हाड बोथट करायचं काम केलं. रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी ओडॅपची वाणं निघाली. २०१६ च्या सुमारास याच वाणांच्या आधारावर बंदी उठवावी का, हा वाद देशभर झाला. आमचं मत विचाराल तर, वाण सुधारणं चांगलंच; पण ते रेशनच्या जागी वापरायचं साधन नव्हे. पुन्हा सलग तीन वर्षं पाऊस गेला, रेशनचा ट्रक आला नाही, आणि जंगलातल्या एखाद्या टोल्यावर सहा महिने लाखोळीच राहिली, तर काय होईल याची खात्री वाणाच्या नावावरून देता येत नाही. जुनं बी, नवं बी बांधीत मिसळतंच.

श्रोत्यांच्या प्रश्नांवरून

व्याख्यानानंतर तीन प्रश्न आले. त्यांची उत्तरं इथेच जोडतो.

पहिला प्रश्न : घरी लाखोळीची डाळ येते, खावी की नाही? अधूनमधून, भाताबरोबर, इतर डाळींबरोबर खाणाऱ्याला घाबरायचं कारण नाही. डाळ भिजवून ते पाणी फेकावं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी फेकावं. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्याचा मोठा भाग निघून जातो. त्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून ताटात पालेभाजी, तीळ, जमेल तर अंडं किंवा दूध असू द्यावं. महिनोन्‌महिने तिलाच मुख्य अन्न करू नये. आणि कुणाचे पाय ताठ होऊ लागले, पोटऱ्यांत गोळे येऊन चाल बदलली, तर डाळ त्या दिवशी थांबवून जिल्हा रुग्णालय गाठावं. या आजारात थांबवलेला प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

दुसरा प्रश्न : आम्ही लाखोळी खात नाही, पण आम्ही चंद्रपुरात राहतो. कोळशाच्या खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्र आहे. या धुराने मेंदूवर ताण येत नाही का? येतो, असं मानायला आधार आहे. हवेतले अतिसूक्ष्म कण शरीरात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात. लॅन्सेटच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाने २०२० साली हवेचं प्रदूषण हे टाळता येण्याजोग्या धोक्यांच्या यादीत घातलं. २००९ च्या केंद्रीय मूल्यांकनात चंद्रपूर अतिप्रदूषित ठिकाणांत होतं. पण इथेही तोच विचार लावा. धूर ही कुऱ्हाड, ताण हा घाव. घरोघरी गोळ्या वाटून हा प्रश्न सुटेल की चिमणीतून काय बाहेर पडतं ते मोजून आणि आटोक्यात ठेवून? लाखोळी निदान ताटातून बाजूला काढता येते. श्वास बाजूला काढता येत नाही.

तिसरा प्रश्न एका मुलीचा होता. वडिलांना पार्किन्सन आहे, आणि ती महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणते. बंद करू का? औषध चालू-बंद करायचा सल्ला आम्ही देणार नाही, तो त्यांच्या डॉक्टरांनी द्यायचा. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, एवढं डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा. त्यांना दोन प्रश्न विचारा : ही गोळी माणसांवरच्या चाचणीत उपयोगी ठरली आहे का? आणि याच पैशात वडिलांसाठी फिजिओथेरपी, चांगलं जेवण, वेळच्या वेळी मूळ औषध हे होऊ शकतं का? हे दोन प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ‘कारण’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांमध्ये जी जागा असते, तिथे उभं राहून विचार करणं आहे. त्यासाठी नावापुढे डॉक्टर असावं लागत नाही.